तोंडी परीक्षा

माझ्या लेकीच्या पहिल्या शिबिराचा बट्ट्याबोळ कोणी केला, असं जानेफळात कुणालाही विचारा. माणूस तोंडानं काही सांगणार नाही, नुसतं माझ्या घराकडे बोट दाखवेल. तेव्हा दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. चहा घ्या, आणि हसायचं असेल तर जरा हळू हसा. आमची ही आत बसली आहे. तुमचं हसणं ऐकलं की ती बाहेर येऊन उरलेलं स्वतःच सांगायला लागते, आणि तिच्या सांगण्यात मी आणखीच येडा दिसतो.

तर मी निवृत्त मुख्याध्यापक. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला. घरात एकुलती एक मुलगी, स्नेहल. आमच्या ओळखीतल्या पोरी डीएड झाल्या, नर्स झाल्या, एक तलाठी झाली. स्नेहल झाली स्पीच थेरपिस्ट. हा शब्द म्हणायला मलाच पंधरवडा लागला. पण एकदा जमला, आणि मग मी तो वापरायची एकही संधी सोडली नाही. कोणी नुसतं विचारावं, "गुरुजी, पाऊसपाणी कसं?" की मी म्हणायचो, "बरं आहे, स्नेहल स्पीच थेरपिस्ट झाली."

एकदा चहाच्या टपरीवर आमच्या गजाननानं विचारलंच. हा गजानन माझा जुना विद्यार्थी, आता सोयाबीन आणि हळद बघतो.

"गुरुजी, म्हंजे नेमकं काय करते ते?"

"लहान पोरं उशिरा बोलतात, अडखळतात, बोबडं बोलतात, काहींना ऐकूच कमी येतं. ती ते तपासते. कशामुळे होतं ते शोधते आणि पोराले बोलतं करते."

"बोलतं करते?"

"हाव."

गजाननानं कप खाली ठेवला. "मंग आमच्या कामाची नाई. आमच्या घरी गप्प करनारी डॉक्टरीण पायजे."

सगळी टपरी हसली. मीही हसलो. पण मनात म्हटलं, थांब बेट्या, एक दिवस दाखवतो.

तो दिवस लवकरच आला. स्नेहलला बुलढाण्याला नोकरी लागली होती. तिच्या मनात आलं की पहिलं शिबिर आपल्याच गावात घ्यावं. रविवारचा दिवस, माझीच जुनी शाळा, अंगणवाडीच्या ताई मुलांना बोलावणार. मला इतका आनंद झाला की मी स्वतः जाऊन शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर रंगीत खडूंनी लिहिलं: "बालकांच्या वाणी व भाषेची मोफत तपासणी". खाली दोन मोर काढले. तपासणी या शब्दाखाली दुहेरी रेघ ओढली.

आता इथंच घोळ झाला, बरं का. तपासणी.

डॉक्टरच्या तोंडी तपासणी म्हणजे एक गोष्ट. आणि आमच्या पिढीच्या मास्तराला तपासणी म्हणजे काय? साहेब येणार. खुर्चीवर बसणार. एखाद्या पोराला उभं करून विचारणार, "सांग बरं, सातारा कुठं आहे?" आणि साहेबाच्या पाठीमागं उभे राहून आम्ही नकाशावर बोट ठेवणार. साहेबाला उत्तर मिळतं, पोराची अब्रू वाचते, शाळेचा शेरा चांगला येतो. यात फसवणूक आहे असं मला कधी वाटलंच नाही. पोरांना घाबरताना बघवत नाही, एवढंच.

आदल्या संध्याकाळी स्नेहल ओसरीवर चित्रांची कार्डं लावत बसली होती. मीही मदतीला बसलो. फूल, मासा, केळं, बस, घड्याळ, छत्री, मोर, टोपी, असं एकावर एक. मुलानं चित्राचं नाव सांगायचं, आणि ही त्याचा कोणता उच्चार कसा येतो ते कान देऊन ऐकणार.

"बाबा, उद्या तुमचं एकच काम," ती म्हणाली. "बाहेर व्हरांड्यात मुलं नीट बसवून ठेवा."

आता तुम्हीच सांगा. मास्तराला मुलं बसवायला सांगितल्यावर तो काय करेल? गॅदरिंगचा नाच मी बसवला, नाटक मी बसवलं, पंधरा ऑगस्टची कवायत मी बसवली. तिला म्हणायचं होतं सतरंजीवर बसवा. मी म्हटलं, बसवतो.

तरी सांगतो, सुरुवातीला माझ्या मनात काहीच नव्हतं. सकाळी मी धुतलेला पांढरा सदरा घालून व्हरांड्यात उभा होतो. आया पोरांना घेऊन येत होत्या आणि मी प्रत्येकीला सांगत होतो, आत बसलेली ती माझी मुलगी. गावातल्या बायकांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण सांगण्यात एक मजा असते.

पहिला नंबर गजाननाच्याच पोराचा लागला. विराज, चार वर्षांचा. आत गेला, स्नेहलला बघितलं, कार्डं बघितली आणि भोकाड पसरलं. एक शब्द बोलला नाही. स्नेहलनं हसून त्याला बिस्किट दिलं, म्हणाली, थोड्या वेळानं परत आणा, घाबरलाय. गजानन त्याला कडेवर घेऊन बाहेर आला. त्याचा चेहरा पडला होता.

"फेल झालं वाटते गुरुजी पोरगं," तो हळूच म्हणाला. "घरी तं पटपट बोलते. लोकं काय म्हनतीन आता, गजाननचं पोरगं मुकं हाय?"

टपरीवर सगळ्यांना हसवणारा माणूस, डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. माझं काळीज हललं. तो गेला आणि मी व्हरांड्यात बसलेल्या बाकीच्या पोरांकडे बघितलं. कोणी बोट चोखतंय, कोणी आईच्या पदरात तोंड घालून बसलंय. ही सगळी आता एकामागून एक आत जाणार, रडणार आणि नापास होऊन येणार. माझ्याच शाळेत. माझ्याच मुलीच्या शिबिरात. तिच्या ऑफिसात काय सांगेल ती, की माझ्या गावातली सगळी पोरं नापास झाली?

मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"चला रे, सगळे माझ्याकडे बघा. माझ्या मागून म्हणायचं. फूल."

"फूऽल."

"मासा."

"माऽसा."

"केळं. केयं नाही म्हणायचं, केळं. जीभ वर न्या. केऽऽळं."

अहो, काय सांगू, चार वेळा म्हणून घेतलं आणि पोरं तयार झाली. कितीतरी वर्षांनी तो व्हरांडा पुन्हा घुमला. आया कौतुकानं बघत होत्या. एकीनं आपल्या पोराला चापट मारून सांगितलं, "नीट म्हन, गुरुजी सांगून राह्यले ना." उभ्या नोकरीत मी कधी पेपर फोडला नव्हता. निवृत्तीनंतर फोडला, आणि तोही स्वतःच्या मुलीचा.

मग पोरं आत जायला लागली, आणि काय सांगता. सटासट. आत गेलं की फूल, मासा, केळं, बस. एक पोरगी तर इतकी तयार झाली की स्नेहलनं विचारलं, "तुझं नाव काय, बेटा?" तर ती म्हणाली, "फूल, मासा, केळं." मी दारात उभा राहून बघत होतो. रांग सांभाळायचं निमित्त होतं.

चहाच्या वेळी स्नेहल बाहेर आली. खुशीत होती.

"बाबा, इथली मुलं किती तयार आहेत. बिचकतच नाहीत."

"आपलं गावच तसं आहे," मी म्हणालो. छाती इतकी फुगली होती की सदऱ्याची गुंडी तुटायची.

"पण एक गंमत सांगू? सगळी मुलं केळं म्हणतात. अगदी स्पष्ट, पुस्तकातल्यासारखं. इथं तर आपण सगळे केयं म्हणतो, डोया म्हणतो, काया म्हणतो. ती काही चूक नाही, ती इथली बोली आहे. मी तर तसंच ऐकायची तयारी ठेवून आले होते."

मी चहाच्या कपात तोंड घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

तेवढ्यात वंदना आली. हीसुद्धा माझी विद्यार्थिनी, माझ्या वर्गातली सगळ्यात शांत पोर. आता तिची पोर पाच वर्षांची होती, गौरी. दोन वेण्या, त्याला लाल रिबिनी, डोळे मोठे मोठे. वंदना मला बाजूला घेऊन म्हणाली, "गुरुजी, मी आननार नव्हते. अंगनवाडीच्या ताई मागं लागल्या म्हनून आनलं."

"काऊन? काय झालं?"

"पोरगी लय हट्टी हाय. हाक मारली तं येत नाई. मनात आलं तंच येते. बोलते तं कोनाले समजत नाई. आमच्या घरचे म्हन्तात, डोक्यानंच कमी हाय, शाळेत टाकून काय फायदा." तिनं गौरीच्या वेणीची रिबीन उगाच सारखी केली. "आज इथं बी तसंच निंघालं, तं जूनमधी शाळेत टाकनार नाईत ते."

बघा, म्हणजे आता नुसत्या शेऱ्याचा प्रश्न नव्हता. एका पोरीच्या शाळेचा प्रश्न होता. मी म्हणालो, "तू काळजी नको करू. मी आहे ना."

मी गौरीला समोर बसवलं. अगदी गुडघ्याला गुडघा लावून. आणि जोरात, एकेक शब्द चावून म्हणालो, "फूल."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाली, "फू."

"मासा."

"माआ."

शब्द अर्धेमुर्धे येत होते, पण क्रम एकदाही चुकला नाही. आणि बघत कशी होती म्हणून सांगू. सगळ्या नोकरीत असा विद्यार्थी मला मिळाला नव्हता. माझ्या वर्गात निम्मी पोरं खिडकीबाहेर बघायची, निम्मी घड्याळाकडे. ही पोर माझ्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हती. मी मनात म्हटलं, कोण म्हणतं हिला कमी डोक्याची? एवढं लक्ष देऊन ऐकणारी पोर मी बघितली नाही.

ऐकणारी म्हणालो बघा मी. ऐकणारी.

चहा झाला आणि गौरी आत गेली. वंदना आत भिंतीशी बसली. मी दारात.

स्नेहलची एक पद्धत होती. मूल खेळण्यात रमलं की ती उठायची, त्याच्या पाठीमागं जायची आणि हळू आवाजात हाक मारायची. मूल वळतं का ते बघायचं. आतापर्यंत सगळी पोरं आपोआप वळली होती. गौरीची खुर्ची दाराकडे तोंड करून होती, म्हणजे ती माझ्या समोर. स्नेहल मागं गेली आणि म्हणाली, "गौरी."

गौरी ठोकळे रचत राहिली.

"गौरी."

काही नाही. मी वंदनाकडे बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. तेवढ्यात गौरीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. आणि माझी हनुवटी, माझं न ऐकता, आपोआप उडाली. मागं बघ.

गौरी वळली.

"शाब्बास," स्नेहल म्हणाली. वंदनानं डोळे उघडले. मी खिशातून रुमाल काढून मान पुसली. साहेबाच्या पाठीमागून इतकी वर्षं केलेलं काम, हात साफ होता.

मग कार्डं आली. आता चहाच्या आधी, मी व्हरांड्यात पोरं तयार करत असताना, एका पोरानं ती सगळी कार्डं जमिनीवर उधळली होती, आणि स्नेहलनं जशी हाताला येतील तशी गोळा केली होती. हे मला माहीत नव्हतं. पहिलं कार्ड आलं घड्याळाचं.

गौरीनं ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "फू."

दुसरं कार्ड छत्रीचं. "माआ."

तिसरं कार्ड मोराचं. आता ती केळं म्हणणार हे मला दिसत होतं. नाही नाही अशी मी मान हलवली. ती गोंधळली. ओठ थरथरायला लागले. मग मला राहवेना. मी दारात उभं राहून, आवाज न काढता, तोंडाचा एवढा मोठा ओ केला आणि नुसत्या ओठांनी म्हणालो, मोऽऽर.

"मो," गौरी म्हणाली. आणि हसली.

स्नेहलनं कार्ड खाली ठेवलं. गौरी कुठं बघते आहे ते तिनं बघितलं. तिची नजर गौरीच्या डोळ्यांवरून निघाली आणि सरळ येऊन माझ्यावर थांबली. मी अजून ओ करून उभा होतो. तोंड मिटायचं सुचलं नाही.

"बाबा," ती म्हणाली.

बस, एवढंच. पण तुमची मुलगी त्या आवाजात बाबा म्हणाली की माणूस लहानपणी केलेल्या चोऱ्यासुद्धा कबूल करेल. मला वाटलं, आता चारचौघांत शोभा होणार. मी म्हणालो, "जरा धीर देत होतो पोरीला."

ती रागावली नाही. म्हणाली, "परत करा."

"काय?"

"आत्ता केलंत ते. आवाज काढू नका. नुसत्या ओठांनी काहीतरी म्हणा."

मी नुसत्या ओठांनी म्हणालो, टोपी.

"ओपी," गौरी म्हणाली.

भिंतीजवळ बसलेली वंदना हळूच म्हणाली, "गुरुजी तं काईच बोलले नाई."

स्नेहल उठली. छत्रीचं कार्ड घेऊन माझ्याकडे आली आणि ते तिनं माझ्या तोंडासमोर धरलं, माझे ओठ झाकले जातील असं. "आता म्हणा. नेहमीच्या आवाजात."

"टोपी," मी कार्डामागून म्हणालो.

गौरी नुसती बघत राहिली.

"परत."

"टोपी. गौरी, बेटा, टोपी म्हण."

गौरीनं आईकडे बघितलं, मग स्नेहलकडे. त्या छत्रीच्या चित्रामागं मी काय करतोय हे तिला कळेना. ती खुर्चीवरून उतरली, चालत आली, माझ्या हाताला धरून खाली ओढलं आणि कार्डाच्या कडेनं डोकावून माझं तोंड शोधायला लागली.

ज्या पोरीला मी सगळ्यात लक्ष देऊन ऐकणारी समजलो, तिला माझा आवाज धड पोचतच नव्हता. ती माझं तोंड वाचत होती.

स्नेहल वंदनासमोर खाली बसली, फरशीवर. म्हणाली, "ताई, गौरी डोक्यानं कमी नाही. उलट खूप हुशार आहे. तिला ऐकू कमी येतं. अगदी जवळून, मोठ्यानं बोललं तर थोडंफार येत असेल. बाकीचं ती तोंडाकडे बघून जुळवते. एकटीनं शिकली आहे ती हे, कोणी शिकवलं नाही. बुलढाण्याला नीट तपासू, मशीन लावू. बोलेल ती."

वंदनानं गौरीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "मी तिले मारलं हो, ताई. ऐकत नाई म्हनून मारलं."

स्नेहलनं तिचा हात धरला. "तुम्हाला माहीत नव्हतं, ताई. आता माहीत झालं."

आणि मी दारात उभा. खरं सांगतो, त्या क्षणी माझी चूक मला आठवतही नव्हती. मी नुसता बघत होतो. ही माझी मुलगी. हिला मी बोट धरून याच वर्गात बाराखडी शिकवली. आणि आज तिनं एका पोरीची नजर कुठं जाते एवढ्यावरून तिचं सगळं दुखणं ओळखलं. मला वाटलं, आता जाऊन टपरीवर सगळ्यांना सांगावं.

"बाबा," स्नेहल म्हणाली, आणि मी जमिनीवर आलो. "किती मुलांना शिकवलंत तुम्ही?"

"फार नाही."

"किती?"

"विराज सोडून सगळ्यांना."

"मग सगळ्यांना परत आणा."

मित्रहो, गावात शिक्षकाला मान असतो. तो मान घेऊन मी भर उन्हात दारोदार फिरलो.

"काऊन गुरुजी, आमचं तं पास झालं ना?"

"झालं, पण परत तपासायचं आहे."

"म्हंजे? परीक्षा रद्द झाली?"

"तसंच समज."

"पेपर फुटला का काय?"

मी सदऱ्याच्या बाह्या खाली केल्या.

"कोनं फोडला, गुरुजी?"

आता खोटं कसं बोलणार, तोंड दाखवायचंय रोज. "मी."

एका घरी तर पोरगं पास झालं म्हणून पेढे वाटून झाले होते. त्या घरच्या माणसानं मला पेढा दिला आणि मग सांगितलं, "हा पैल्या निकालाचा हाय. दुसऱ्यात फेल झालं तं वापस करा." मी तो पेढा हातात धरून पुढच्या घरी गेलो. खायची हिंमत झाली नाही.

दुपारी पुन्हा सुरुवात झाली. मला व्हरांड्याच्याही बाहेर, फळ्याजवळ उभं केलं होतं, मी काढलेल्या मोरांच्या सोबतीला. खिडकीतून दिसत होतं. स्नेहलनं कार्डं बाजूला ठेवली आणि खेळणी काढली. ती मुलांशी नुसत्या गप्पा मारत होती. घरी म्हैस आहे का, तिचं नाव काय, ती लाथ मारते का. पोरं केयं म्हणत होती, डोया म्हणत होती, आणि ती मान डोलावत होती.

ओम नावाचा एक पोरगा सकाळी माझा सगळ्यात पक्का होता. सगळी यादी एका दमात म्हणून गेला होता. स्नेहलनं त्याला विचारलं, काल शेतात काय केलं? आणि पोरगं पहिल्याच शब्दावर अडकलं. मान ताणली, डोळे मिटले, शब्द निघेना. तिनं घाई केली नाही. वाट बघितली. नंतर त्याच्या आजोबांना तिनं सांगितलेलं मी खिडकीतून ऐकलं. पाठ केलेलं म्हणताना अशी मुलं बऱ्याचदा अडखळत नाहीत, मनातलं सांगताना अडखळतात. म्हणजे माझ्या यादीनं त्या पोराचं दुखणं पार झाकून टाकलं होतं. मी डस्टर उचललं आणि फळ्यावरच्या तपासणीखालची एक रेघ पुसली.

आणि विराज? ज्याच्यामुळे हे सगळं झालं? स्नेहलनं त्याच्या हातात खेळण्यातला ट्रॅक्टर दिला. पोरगं जे सुरू झालं ते थांबेना. आमचा टॅक्टर लाल हाय, बाबानं त्याले गड्ड्यात घातला, मंग आजी बाबाले बोलली, मंग बाबा रुसले आन जेवले नाई. गजानन खिडकीशी उभा होता. कानापर्यंत लाल झाला.

"एकदम छान आहे बोलणं," स्नेहल म्हणाली.

"हाव, दिसलं," गजानन म्हणाला. "गुरुजी, त्या गप्प करनाऱ्या डॉक्टरचं पाहा बरं कुठं भेटते तं."

संध्याकाळी घरी आलो. मी ओसरीवर बसलो. आमच्या हिनं सगळं ऐकलं होतं, गाव कशाला आहे. ती मला पाणी देताना म्हणाली, "जन्मभर पोरांले सांगत आले, कॉपी करू नका."

स्नेहल हात धुऊन माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, रागावले नाही मी. तुम्ही तिच्यासमोर बसलात, तोंडाकडे तोंड करून बोललात, म्हणून ती बोलली. वंदनाताईंना आता मी घरी हेच करायला सांगणार आहे. मागून हाक मारायची नाही, समोर बसून बोलायचं."

मी सावरून बसलो. "म्हणजे माझं तंत्र बरोबर होतं."

"तंत्र बरोबर होतं. पण पुढचं शिबिर देऊळघाटला आहे आणि तुम्ही येणार नाही."

"जेवणाचा डबा तरी पोचवतो."

"आई पोचवेल."

गौरीच्या बुलढाण्याच्या चकरा सुरू झाल्या. पहाटेची एसटी, वंदना खिडकीशी आणि गौरी तिच्या मांडीवर. घरच्यांचा आधी विरोध होता. मग एक दिवस तिचे आजोबाच सोबत गेले, आणि परत येताना गाडीभर लोकांना सांगत आले की आमच्या पोरीले मशीन भेटून राह्यली. कानामागं लावायचं छोटंसं यंत्र. शिवाय स्नेहलचे धडे. आरशासमोर बसायचं, ओठ कसे होतात बघायचं, आवाज ओळखायचा. मी एकदा बुलढाण्याला गेलो होतो तेव्हा दाराच्या काचेतून बघितलं. आत जाऊ दिलं नाही मला. स्नेहल फरशीवर पालथी पडून गौरीसोबत बेडकासारखे आवाज काढत होती. शिपायाला मी सांगितलं, ती माझी मुलगी. तो म्हणाला, "माहीत हाय. मागच्या टायमाले बी सांगतलं होतं तुमी."

जूनमध्ये गौरी शाळेत गेली. माझ्याच शाळेत, पहिल्या बाकावर. दिवाळीच्या सुमारास वंदना तिला घेऊन आमच्याकडे आली, फराळाचा डबा घेऊन. स्नेहलही सुट्टीवर आली होती. गौरीच्या दोन्ही कानांमागं मशीन, त्यालाही वंदनानं लाल रंगाची टिकली लावलेली. पोरीनं माझ्या पाया पडून "गुदुजी" म्हटलं. मला इतकं भरून आलं की काय करू आणि काय नको.

मी म्हटलं, आता या पोरीला ऐकू येतं. एवढी वर्षं बिचारीनं काही ऐकलं नाही. मग ऐकू दे की चांगलं. मी तिला समोर बसवलं आणि उभा राहून, प्रजासत्ताक दिनाला करतो तसं, पूर्ण आवाजात भाषण सुरू केलं. जिद्द म्हणजे काय, शिक्षण म्हणजे काय, आईचे कष्ट म्हणजे काय. माळ्यावरची मांजर उठून निघून गेली.

गौरी थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिनं शांतपणे हात वर नेले, एका कानामागचं मशीन काढलं, मग दुसऱ्या कानामागचं काढलं, आणि दोन्ही आईच्या ओंजळीत ठेवली. परत मांडी घालून नीट बसली. माझ्या तोंडाकडे बघितलं.

आणि म्हणाली, "आता बोला."